दहा नंबरची ओळ

प्रिय दादा,

परवा फोनवर तू म्हणालास, "त्याला हात लावू नकोस, आहे तसाच राहू दे," आणि मी नुसतं "बरं" म्हणाले. ते खोटं होतं. तुझा तो जुना कॉम्प्युटर तेव्हा जेवणाच्या टेबलावर पोट उघडून पडला होता आणि माझ्या तोंडात दोन स्क्रू होते. त्यामुळे "बरं"च्या पुढे काही बोलता येण्यासारखं नव्हतंच.

आता तो टॉवरमध्ये आहे. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने भंगारात काढलेली, गुडघ्याएवढी उंच, आजकालच्या कॉम्प्युटरची काळी पत्र्याची पेटी. रविवारच्या जुन्या कॉम्प्युटरांच्या प्रदर्शनातल्या तुझ्या संग्राहक मंडळींना हे ऐकून घेरी येईल. येऊ दे. त्यांना तो काचेमागे ठेवायचाय, बंद, शेजारी मासिकाचं ते पिवळं पान आणि पानावर तुझं नाव. मला तो चालू हवा होता. तीस वर्षं मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बंद पडलेली उपकरणं चालू करत आले. बंद वस्तूकडे कौतुकाने बघत बसणं मला जमत नाही.

आणि खरं सांगू, त्या मूळ पेटीत राहिलं होतंच काय? तुला आठवतंय ना, कळफलकाच्या पोटातच सगळा कॉम्प्युटर. प्लॅस्टिक कोपऱ्यात तडकलेलं, कळफलकाची पातळ पट्टी हात लावताच वाळक्या पानासारखी मोडली, आणि वीजपुरवठ्याचा ठोकळा इस्त्रीसारखा तापायचा. त्यात तो चालू केला असता तर तो कायमचा गेला असता. टॉवरमध्ये नवा वीजपुरवठा आहे, पंखा आहे, वेगळा कळफलक आहे. नव्या कळफलकाची भाषा म्हाताऱ्याला कळत नव्हती, म्हणून मध्ये एक छोटं सर्किट दुभाषा म्हणून बसवलं. त्याचे प्रोग्रॅम कॅसेटवरून चढायचे, म्हणून सीडीच्या खाचेत टेपरेकॉर्डरचं यंत्र दामटून बसवलंय. दिसतं भयंकर, पण चालतं.

एक घोटाळा मात्र मी केलाच. त्या टॉवरमध्ये नव्या बोर्डासाठी पितळी खुंट्या असतात. आपला बोर्ड लहान, त्यातली एक खुंटी बरोबर त्याच्या पाठीला टेकत होती. ती काढायची राहिली आणि मी बटण दाबलं. फट्. फ्यूज उडाला म्हणून वाचला, नाहीतर मी पुरती तोंडघशी पडले असते. मग सगळ्या खुंट्या उपटल्या आणि बोर्डाखाली आईच्या डब्यातली कोटाची मोठी बटणं लावली, मध्ये भोक पाडून. चार तपकिरी, एक निळं. आई असती तर निळं का म्हणून रागावली असती.

बाबांनी तो आणला तू शाळेत पहिला आलास म्हणून. तेव्हापासून तो 'दादाचा कॉम्प्युटर'. मी तेरा वर्षांची, मला हात लावायची बंदी. तू मैदानावर गेलास की माझं राज्य. त्याचा पडदा म्हणजे घरचा टीव्हीच; आल्या आल्या तू टीव्हीच्या पाठीवर हात ठेवून बघायचास आणि गरम लागला की "लुडबुडी!" म्हणून घर डोक्यावर घ्यायचास. मग मी अर्धा तास आधीच बंद करून टीव्हीमागे टेबलफॅन लावायला शिकले. हे तुला आज पहिल्यांदा कळतंय.

त्या चोरलेल्या दुपारींत मी आईसाठी विणकामाचा प्रोग्रॅम लिहिला. आई चौकटीच्या कागदावर स्वेटरची नक्षी काढायची, खोडायची, कागद फाटायचा. माझ्या प्रोग्रॅममध्ये टीव्हीवर एकेक चौकोन म्हणजे एकेक टाका. आई सुया घेऊन पडद्यासमोर बसायची आणि बोटाने टाके मोजायची. मासिकाची स्पर्धा निघाली तेव्हा तू म्हणालास, "माझं अक्षर चांगलं आहे, मी नीट उतरवून पाठवतो." छापून आला तो तुझ्या नावाने. आई म्हणाली, "नाव कुणाचं का असेना, घरातच आहे ना." मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी भूक लागली. ते पान घेऊन तू मुलाखतीला गेलास. तू हुशार होतासच, त्या पानावर तुझं आयुष्य उभं राहिलं असं मी म्हणणार नाही. पण गेलास ते घेऊनच.

इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले, की नावाचा घोळ मासिकवाल्यांनीच केला असेल. तू गप्प राहिलास, एवढाच तुझा दोष. काल दुपारी आईच्या लोकरीच्या पिशवीत मूळ कॅसेट सापडली. दोनदा नुसतीच किंचाळली, तिसऱ्यांदा प्रोग्रॅम चढला. मी त्याच्या ओळी पडद्यावर आणल्या, दहा, वीस, तीस अशा नंबरांच्या, आणि पहिलीच ओळ, दहा नंबरची, वाचून मोठ्याने हसले. इंग्रजी अक्षरांत मी लिहिलं होतं: 'आईसाठी. दादाला सांगायचं नाही.' विसरूनच गेले होते. मग हसू थांबलं. मी मासिकाचं पान काढलं. त्यात प्रोग्रॅम सुरू होतो वीस नंबरपासून. दहा नाहीच, आणि मासिकवाल्यांना ती गाळायचं काही कारण नव्हतं. म्हणजे उतरवताना तू ती वाचलीस, दादा. वाचलीस आणि तेवढीच गाळलीस.

म्हणून हे पत्र. मला माफी नको, या वयात आपण दोघं एकमेकांसमोर रडत बसलो तर चांगलं दिसणार नाही. तुझं माझ्यावर प्रेम आहे हे मला माहीत आहे, माझंही आहे. पण रविवारी तो तुझ्याबरोबर काचेत बसायला जाणार नाही. तो माझ्याबरोबर येईल, टॉवरमध्ये, चालू. प्रदर्शनात त्याच्याशेजारी ठेवायच्या कार्डावर कुणाचं नाव लिहायचं ते तू ठरव, तुला तीन दिवस आहेत. पडद्यावर काय दिसेल ते मी ठरवलंय, आणि ते दहापासून सुरू होईल. सकाळी जरा लवकर ये. पेटी जड आहे, जिन्यावरून मला एकटीला उतरवता येणार नाही.

तुझीच,
लुडबुडी