मच्छिंद्रच्या गिटारीतली झीं

टेंभुर्णी, ता. जाफ्राबाद
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, १९९६

मित्रवर्य श्रीयुत रामराव यांना धर्मराजचा नमस्कार, आणि नमस्काराच्याही आधी एक आवाज. ओळखता आला तर पुढे वाचावे, नाही तर चष्मा पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे. (एवढा मायना तुझ्या पांढऱ्या मिशांना. पुढचं सगळं तुला.)

झीं.

आठवला? आपल्या शाळेचा पत्रा. नदीवरची ती कविता सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा आणि कडव्याच्या शेवटचं अक्षर लांबवलं की डोक्यावरचा सैल पत्रा आपल्या सुरात सूर मिसळून झणझणायचा. गुरुजी हात वर करायचे, "थांबा रे, पत्रा म्हणून राह्यला, त्याचं होऊ द्या." मग तुला कुठून अक्कल सुचली कोण जाणे, तू खांबावरून वर चढून त्या पत्र्यावर धोंडा ठेवलास. दुसऱ्या दिवशी तीच कविता, तीच पोरं, पण नदीत पाणीच नाही. गुरुजींनी तुलाच पुन्हा वर चढवलं आणि धोंडा उतरवायला लावला. (उतरताना तुझी चड्डी खिळ्याला अडकली, तो भाग सोनूवहिनींना वाचून दाखवू नकोस.)

तुझा रक्तदाब आणि वहिनींचे गुडघे कसे आहेत ते कळव. माझं म्हणशील तर दोन डोळे मिळून दीड उरले आहेत, दात आहेत तेवढे एकमेकांना धरून आहेत, आणि कविता मात्र सगळ्या पाठ आहेत. कालचं जेवण विसरतो, पण चौथीच्या पुस्तकातलं कुठलंही पान सांग, चित्रासकट म्हणून दाखवतो. घरात ऐकणारं कोणी नाही हा भाग वेगळा. तुझी साळूवहिनी म्हणते, "तुमची नदी एवढी वाहून राह्यली, तर दोन घागरी भरून आणा."

तुझं कार्ड मिळालं. आमच्या मच्छिंद्रसाठी तू तिकडं औरंगाबादेत कंपनीच्या साहेबांकडे शब्द टाकलास आणि एक तारखेला त्याला हजर व्हायचं आहे, हे वाचून समाधान वाटलं. पोराला पगार, फंड, वर्षाला दोन गणवेश, आणखी काय पाहिजे? त्याच बाबतीत दोन ओळी लिहायला बसलो आहे, पण त्या दोन ओळी कळायच्या तर आधी गिटारीचं सगळं सांगणं भाग आहे.

आमचा मच्छिंद्र विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी गुंडाळतो, हे तुला ठाऊक आहेच. पुढच्या खोलीत दुकान, दिवसभर तांब्याची तार. गेल्या लगीनसराईत शहागडच्या रायभानची बेंजो पार्टी आपल्या गावी वरातीला आली होती आणि ऐन वरातीत त्याची मुंबईची इलेक्ट्रिक गिटार मुकी झाली. मच्छिंद्रनं ती उघडली तर तारांखाली बारीक तांब्याचं गुंडाळं. त्याचे डोळे असे चमकले, जसं परगावी कुणी आपल्या भावकीतलं भेटावं. "हे तं आपलंच काम हाये," म्हणाला, आणि वरात देवळाला पोचायच्या आत गिटार बोलती केली. रायभान तिथंच बोलून बसला, "भाऊ, अख्खी बनवून दे. बरी निघाली तर माझ्या पार्टीत बिलकुल तुझ्याच गिटारी."

झालं. धड आंब्याच्या लाकडाचं, आणि मान आपल्या जुन्या गोठ्याच्या चौकटीची. (तीच चौकट, जिच्यात तुझं डोकं आपटलं होतं. सागवान इतकं मुरलेलं की तुझ्या डोक्यानंही त्याला काही झालं नाही.) मानेवर आडव्या पितळी पट्ट्या असतात, सतारीला असतात तसे पडदे. तार पडद्यावर दाबली की सूर निघतो आणि तीच तार पुढच्या पडद्याला नको तिथं चाटली की निघते झीं. पहिली गिटार तयार झाली, मच्छिंद्रनं तार छेडली, आणि रामराव, मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होतो तो एकदम चौथीच्या वर्गात जाऊन बसलो. तोच पत्रा! मी म्हणालो, वा! मच्छिंद्रनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा शेंगा सोलायला लागलो.

रायभाननं ती नेली, कारण वराती तोंडावर होत्या, पण बोलून गेला, "मच्छिंद्रभाऊ, नवरदेवाच्या कानात माशी गेल्यावानी वाटून राह्यलं." दुसरी गिटार केली, तिच्यातही माशी. ती तर त्यानं घेतलीच नाही. मच्छिंद्रनं मानेवर पोलादी पट्टी धरून उंच पडदा हुडकावा, कानशीनं घासावा, तारांखालची घोडी कागदभर उचलावी, आणि संध्याकाळी आवाज साफ व्हावा. सकाळी बघावं तर झीं हजर, फक्त जागा बदललेली. काल पाचव्या पडद्यावर, आज नवव्यावर. मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखी आज ओसरीत, उद्या माजघरात, पण जायचं नाव नाही. साळूबाईनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या. मीही हातभार लावला. तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा दोरा सरकवतात, त्यानं आवाजाला जीव येतो असं ऐकून होतो, म्हणून मच्छिंद्र चहाला गेला असता एक दोरा घातला. माशीचं पोळं झालं. पोरगा हात जोडून म्हणाला, "दादा, मी तिला घालवून राह्यलो अन् तुम्ही तिला जेवायला वाढून राह्यले."

एकदा त्यानं पेचकस घेऊन मान आणि धड यांचा जोड उघडायला काढला. साळूबाई मध्ये आली.

"मुहूर्तावर बसवलेली चौकट कुणी उखडतं का?"

"आई, ही चौकट न्हाई, गिटार हाये."

"लाकूड कशाचं हाये?"

पोरानं पेचकस खिशात घातला. तसा त्यालाही जोड उघडायची फारशी हौस नव्हती, कारण तोच जोड त्याचा अभिमान होता. तिथं कागदसुद्धा शिरणार नाही, असं सगळ्यांना सांगायचा.

मग तिसरी गिटार घेतली. ती अर्धी झाली असताना तुझं कार्ड आलं. मच्छिंद्रनं ते दोनदा वाचलं, खिशात घातलं आणि म्हणाला, "हिचीबी झीं न्हाई गेली तर दुकानाला कुलूप. एक तारखेला रामरावकाकाकडं." मी म्हणालो, बराबर हाये, कंपनीत फंड असतो. (मनात काय म्हणालो ते कुठल्याच वृत्तात बसायचं नाही.) त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं आणि तिघांनीही ती मुकाट्यानं खाल्ली.

तिसरी झाली. मच्छिंद्रनं तार छेडली. झीं.

रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो हसला, तारा उतरवल्या आणि आईला म्हणाला, "लाकूड वाया कशाला घालायचं? धडाचा तुला पाट करून देतो." आता पाट करायचा तर मान काढावी लागणार, आणि गिटारच राहणार नाही म्हटल्यावर मुहूर्ताचं काय? साळूबाईला आडवं यायला जागा उरली नाही. मच्छिंद्रनं स्क्रू काढले, मान उचलली, आणि ज्या खाचेत कागद शिरणार नाही म्हणायचा त्या खाचेत गुलाबी तांदूळ! निम्मे चिरडून पीठ झालेले, निम्मे शाबूत.

"हे काय हाये?"

"अक्षता," साळूबाई म्हणाली, जसा काही परीक्षेत सोपा प्रश्न आलाय.

"कोणी टाकल्या?"

"मंग रिकामी चौकट बसवत असतात का? गोठ्याला बसवली तव्हा तुझ्या आजीनं टाकल्या होत्या. तिच्याच लाकडाला मी टाकल्या. तिन्हीला टाकल्या."

"पण मी जोडायच्या आधी पुसून घेतो, आई!"

"म्हणूनच ओल्या कुंकवात चिकटवल्या. तू हात धुवायला गेल्तास."

मच्छिंद्र खाली बसला. मीही बसलो. (मी आधीच बसलेलो होतो, पण पुन्हा बसलो.) दाणे स्क्रूच्या दाबाखाली रोज थोडे थोडे चिरडत होते, मान रोज केसभर हलत होती, आणि झीं रोज बिऱ्हाड बदलत होती. वर्षभर पोरानं निर्दोष पडद्यांना कानस लावली होती. मग आधी तो हसला, मग मी, आणि आम्ही हसतोय म्हणून साळूबाई चिडली. "तुमच्या गिटारीला बरकत यावी म्हणून केलं, अन् तुम्ही दात काढून राह्यले. आता आशीर्वाद ठेवायचा कुठं?" तेव्हा मच्छिंद्रनं गिटारीच्या पाठीवरचं वायरींचं झाकण उघडलं आणि आत पाच दाण्यांची जागा करून दिली. तिनं वाकून पाहिलं. "अडगळीत," एवढंच म्हणाली, पण टाकले.

तिसरी पुन्हा जोडली, पहिली रायभानकडून मागवून घेतली, आणि पहिल्या दोन्हीही उघडून साफ केल्या, पडदे बदलले. आवाज कसा, तर घासलेल्या तांब्यातलं पाणी. परवा रायभान येऊन तिन्ही घेऊन गेला, शहागडच्या लग्नात वाजवायला. तेव्हापासून मच्छिंद्र कंपनीचं नाव काढत नाही आणि आमच्या न्हाणीच्या चौकटीकडे टक लावून बघत असतो, म्हणून मी न्हाणीत जाताना जरा जपूनच जातो. घरात आनंद आहे. मला मात्र दुपारी अंगणात बसलं की वाटतं, नदीत पाणी थोडं कमी झालं. हे पोराला सांगू नकोस. तो माझ्या डोक्यावर धोंडा ठेवील.

सोनूवहिनींना नमस्कार, नातवंडांना पाठीवर थाप.

तुझा बाकावरचा शेजारी,
धर्मराज

ता. क. मूळ दोन ओळी राहूनच गेल्या. साहेबांना सांग, मच्छिंद्र येत नाही. आणि मच्छिंद्रला एक कार्ड टाक की जागा भरली, म्हणजे त्याला फंडाची रुखरुख नको. मी असं लिहिलं हे दोघांनाही कळू देऊ नकोस. या वयात संध्याकाळी दुकानातून तार छेडल्याचा आवाज आला नाही तर मी दिवा लावायचा विसरेन.

ता. क. दुसरा. थांब. पाकीट चिकटवत होतो तोच दारात टेम्पो उभा राहिला. रायभान! तिन्ही गिटारी काखेत. एवढ्या लांबून, न कळवता. मच्छिंद्रचा चेहरा उतरला आहे. वरचा ता. क. खोडला असं समज आणि जागा धरून ठेव. साहेबांना म्हणावं, पोरगा गुणी आहे.

ता. क. तिसरा. रायभान पाणीसुद्धा न घेता बोलून राह्यला, मी ऐकता ऐकता लिहितो आहे. "काका, इज्जत गेली. ढोलापुढं गिटार वाजून राह्यली का न्हाई, कुणालाच कळंना. नवरीचा मामा म्हणतो, ती माशीवाली पार्टी सांगितली होती, तुम्ही कोण? मच्छिंद्रभाऊ, जल्दी कर, काय काढलं असशील ते परत घाल. अन् आणखी दोन बनव, पण माशीसकट." मच्छिंद्रनं माझ्याकडे पाहिलं. मी साळूबाईकडे पाहिलं. तिनं पदर खोचला आणि आत गेली.

पहिला ता. क. पुन्हा कायम, रामराव. तांदळाच्या डब्याचं झाकण वाजलं. आतून विचारते आहे, "पाचच दाणे टाकू, का आता मूठभर?"