फणसाच्या फांदीमागची डिश

यशराज, कुलपाला हात लावू नकोस, आधी हे वाच. तुझा फोन घरीच राहिलाय, म्हणून चिठ्ठी दाराला अडकवतेय.

आजही संध्याकाळी एचडी चॅनेल गेली. तू आलास की गच्चीवर जाऊन डिश फिरवशील आणि मी खालून ‘आलं, गेलं’ ओरडेन, म्हणून तुझी वाट बघत होते. पण आज वारा अजिबात नव्हता. मग फणसाची फांदी वाकून डिशपुढे आली कशी? स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं, तर फांदीवरून शेपूट लोंबत होतं. बिबट्या आहे रे! रोज संध्याकाळी तू त्याच्याच खाली उभा राहून डिश फिरवतोयस.

फॉरेस्टवाले बेळगोळहून निघालेत. अप्पांना घेऊन मी समोर गिरिजाबाईंकडे जाते, तूही सरळ तिकडेच ये. सुम्ने, उगाच धाडस करू नकोस. आपलं शिपायांचं घराणं वगैरे मला ऐकवू नकोस.

अय्यो, हे लिहिता लिहिताच टीव्हीवर चित्र आलं, अगदी स्वच्छ. म्हणजे फांदी हलकी झाली. आणि गच्चीचं दार लावल्याचं मला आठवत नाही.

अक्का