परड्यातल्या चार खोल्या

६ ऑक्टोबर, रविवार
सही जमली! दोहाला वकिलातीत गेलो होतो. साहेब शाईचा डबा पुढे करत होता, मी म्हटलं, अंगठा नाही, सही करते! नात ईरा म्हणाली, "आजी, सुपर!" हरिदास म्हणाला, "मुखत्यारपत्र आहे, आई. कुंभेवाडीच्या घराची कौलं बदलायची परवानगी काढतो, तुला खेपा नकोत." अभयारण्यातलं घर ना ते — जमीन माझी, सातबारा माझा, पण घरामागच्या परड्यातल्या फणसाची फांदी तोडायची तरी फॉरेस्टची चिठ्ठी लागते. आता शिमग्याला परत जाईन, मग पावसाळ्यात बादल्या लावायला नकोत! दुखानला हरिदासच्या घरी परत येताना वाटेत उंट दिसले. एकाने माझ्याकडे बघून तोंड वेडंवाकडं केलं. मीपण केलं.

२ डिसेंबर, सोमवार
कौलं चढली का विचारलं. "काम चालू आहे, आई." गुणाचा गं माझा लेक!

२४ जानेवारी, शुक्रवार
शेजारच्या वाडीतला धोंडीराम आला होता. इथल्या हमद बंदरात ट्रेलर चालवतो. सुट्टी संपवून कालच गावाहून परतला, माझ्यासाठी कुळथाचं पीठ आणलं. म्हणतो, "काकू, मोठ्या झालात की! परड्यात काचेच्या चार खोल्या, शिवाय पोहायची टाकी! रिसॉर्टचे पाहुणे कधीपासून?" मी हसले. म्हटलं, मेल्या, दुसऱ्या कुणाचं बघितलंस. त्याने मोबाईल पुढे धरला.
माझंच परडं. चार खोल्या. फणस नाही. आणि घरावर कौलं — जुनीच!
म्हटलं, चहा घे.

२५ जानेवारी, शनिवार
हरिदासला विचारलं. मान वर करेना. "नवीन बांधायला परवानगी नाही मिळत, आई. म्हणून कागदावर दुरुस्ती दाखवली. सगळेच करतात." सूनबाई शोभा चटकन म्हणाली, "आणि तुम्हाला तरी आता कुठे परत जायचंय, आई?"
हे कधी ठरलं? कुणी ठरवलं?
ह्यांनी बारा वर्षं न्हाणीघरासाठी अर्ज केले. नाही मिळाली परवानगी, तर नाही बांधलं. म्हणायचे, रानातल्यांचंही घर आहे ते. गवे परड्यातून जायचे, आम्ही दार लोटून बसायचो. आणि ह्याने माझ्याच नावावर चोरी केली! सही मला शिकवली ती ह्यानेच. सातवीत होता. चुलीपुढे पाटी धरून बसायचा — "आई, हात सैल सोड."
आज जेवले नाही. ईराला सांगितलं, पोट दुखतंय.

२७ जानेवारी, सोमवार
फॉरेस्टच्या साहेबाला फोन केला. नंबर धोंडीरामने दिला. म्हटलं, अभयारण्यात चोरून बांधकाम झालंय, तक्रार लिहून घ्या. "कुणाविरुद्ध, आजी?"
म्हटलं, लिहा — पारूबाई शेलार. सातबारा बघा. मीच ती.
साहेब म्हणाले, "पंचनाम्याला मालकाला स्वतः यावं लागेल."
येते म्हटलं! हरिदासला सांगितलंय, तिकीट काढ. जायचंच फक्त.