माझ्या ओळंब्याप्रमाणे समतल

४ मे. सकाळी ६.१०
आजपासून टेकडी माझी. म्हणजे वनसमितीची, डोकं माझं. गेल्या वर्षी वणव्यानं उतार बोडका केला, मग अवकाळी पावसात चिखल थेट ताईच्या उंबऱ्याला लागला. थोरली बहीण, पायथ्याशी एकटीच राहते. यंदा पाऊस आणखी आडदांड म्हणतात. संकल्प : पाणी अडवायला अकरा समतल चर, बाराशे रोपं, ताईच्या दारात चिखलाचा थेंब नाही. कॉलेजात न जाता शिकलोय, म्हणून पक्कं शिकलोय.

६ मे
पातळी बघायला ए-फ्रेम स्वतः बनवली. दोन पाय, आडवी पट्टी, वरून ओळंबा. दोरी मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. मध्य स्टीलच्या पट्टीनं काढला, अर्ध्या मिलिमीटरचीही चूक नाही. पाय झिजू नयेत म्हणून रबरी बूच. दुकानात एकच मिळालं. डाव्या पायाला बसवलं.

९ मे
मुलीचं म्हणणं, फ्रेम उलटी फिरवा, दोरी त्याच खुणेवर येते का बघा. सांगितलं, मध्य म्हणजे मध्य, तो माणसागणिक बदलत नाही. म्हणाली, बाबा, बुचागणिक बदलतो. हल्ली पोरांना उलट बोलायलाच शिकवतात.

१७ मे
चार चर झाले. पाठ कामातून गेली. वनरक्षक आले, त्यांच्या यंत्रानं तपासू म्हणाले. म्हटलं, कशाला उगीच सरकारी बॅटरी जाळता? गवत कापणाऱ्या मावशी चरातून चालत गेल्या आणि म्हणाल्या, भाऊ, उतरल्यासारखं वाटतंय. चप्पल झिजली असेल.

२९ मे
अकरावा पूर्ण. रोपंही लागली. सगळ्या चरांची टोकं ताईच्या घराकडे. देखरेखीला सोपं.
ताईनं विचारलं, धान्याचे डबे माळ्यावर चढवू का. वाईट वाटलं. सख्ख्या भावावर एवढाही भरवसा नसावा? खालीच ठेव म्हटलं.

६ जून. दुपारी ३.४०
मोबाइलवर इशारा : तासाभरात अतिवृष्टी. बायको म्हणते, वन्संना घेऊन या. आणलं तर चर फसले असं आपणच कबूल केल्यासारखं होईल. थांबतो.
४.२५. कोसळतोय. पहिला चर भरला. देखणा दिसतोय.
४.४०. पाणी थांबत नाहीये. चालतंय. एकाच बाजूला.
४.४६. ताईचा फोन लागत नाही. बायको तशीच भिजत धावली. निघतो.

७ जून
ताई सुखरूप. बायकोनं मागच्या दारानं ओढून काढली. स्वयंपाकघरात कमरेएवढा चिखल. अकराही चरांचं पाणी एकदम आलं. डबे गेले. साडेतीनशे रोपं ओट्यावर आडवी.
मुलीनं फ्रेम उलटी फिरवली. दोरी खुणेपासून बोटभर लांब. तिनं डाव्या पायाचं बूच काढून माझ्या हातावर ठेवलं.
बुचाच्या दर्जाबद्दल दुकानदाराला पत्र लिहायला हवं.

११ जून
ताई माझ्या खोलीत, मी व्हरांड्यात. वनरक्षक आणि मावशी चर नव्यानं आखताहेत. समिती मला काढणारच होती. ताईनं शब्द टाकला : त्याला काहीतरी काम द्या, फक्त मोजायला लावू नका.
दिलंय. टेपचं टोक धरायचं. शून्याचं. आकडे पलीकडे मावशी वाचतात.
दिवसभर धरलं. एकदाही हललो नाही.