एक थप्पड, तीन वकील

३ मार्च, मंगळवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. माझ्यावर मारहाणीची केस झाली आहे. अशा काळात मोठी माणसं लिहितात.

हकीकत: परवा रविवारी जिमवाला पैलवान लाँड्रीत आला. त्याची पांढरी पँट गुलाबी झाली होती. (चूक आमचीच. लाल मोजा मशीनमध्ये राहिला. हे फक्त इथे.) काउंटर ओलांडून थेट हौदापर्यंत घुसला आणि म्हणाला, तुमच्या बापालाही कपडे धुता येत नव्हते. मी एक ठेवून दिली. एकच. सहा फुटांचा गडी आडवा. त्याचं उजवं मनगट मोडलं.

पोलिसांनी सह्या घेऊन घरी सोडलं.

अधिकृत भूमिका: मी हातही लावलेला नाही.

सकाळी ९.
ही म्हणाली, शिक्षा झाली तर हॉस्पिटलच्या चादरींचं काम जाईल, करारात तसं लिहिलंय. निम्मी लाँड्री त्या चादरींवर चालते. काळजी करू नकोस म्हणालो. उत्तम वकील बघतो. तोवर कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही, असा निश्चय.

सायंकाळी ६.
दाढी करायला गेलो. विषय निघाला. (मी काढला.) न्हावी म्हणाला, तुम्ही? त्या पैलवानाला? मग उभं राहून दाखवावंच लागलं. निम्म्या गालाला साबण तसाच. दुकानातले चौघेही उठून उभे राहिले.

४ मार्च, बुधवार.
वकील निवडण्याची माझी पद्धत शास्त्रशुद्ध आहे. कोर्टातले बहुतेक काळे कोट धुवायला माझ्याकडेच येतात. माणूस खोटं बोलेल, कोट बोलत नाही. आज रॅकवरचे सगळे कोट उतरवून तपासले. एकाचा कोट तर असा, की इस्त्री फिरवतानाही आदर वाटावा. सुरकुती नाही, डाग नाही. हाच माझा वकील.

एक कोट कोपरांवर घासून चकचकीत झालेला, बाहीला शाई, खिशात अर्धं बिस्किट. झेरॉक्सच्या दुकानावर बसणाऱ्या वकीलबाईंचा. तो बाजूला टाकला. ही म्हणाली, कोपरं घासलीत म्हणजे बाई टेबलाशी बसून काम करते. बायकांना या गोष्टी कळत नाहीत.

५ मार्च, गुरुवार.
स्वच्छ कोटवाल्यांकडे दोन तास बसलो. बसलो कसला, येरझारा घातल्या. आत गेल्यावर म्हणाले, थोडक्यात सांगा. मी पैलवानाच्या छातीच्या मापापासून सुरुवात केली. त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, इथून पुढे तुम्ही तोंड उघडायचं नाही, कोर्टात नाही, बाहेर नाही. आणि आपण गेली नऊ वर्षं फौजदारी केस घेतलेली नाही, ती ज्युनियर बघेल. कोट स्वच्छ का, ते कळलं. उठून आलो. ज्या वकिलाला ऐकण्याची सवय नाही तो न्यायाधीशाचं तरी काय ऐकणार?

६ मार्च, शुक्रवार.
पाय एका जागी ठरत नाहीत. एकच उशीची खोळ चार वेळा इस्त्री केली.

गंमत म्हणजे रस्त्यात लोक वाट देतात. दूधवाला पहिल्यांदाच नमस्कार करून गेला. आमच्या जागामालकांनी गळक्या नळाचा विषय स्वतःहून काढला. पंचवीस वर्षं या रस्त्यावर धंदा करतोय. आजवर मी होतो हे कुणाच्या लक्षातच नव्हतं.

९ मार्च, सोमवार.
वकील नंबर दोन: माझा मावसभाऊ. भाडेकरार करतो, पण घरचा माणूस. त्यानं विचारलं, मारलंस का? मी म्हणालो, अधिकृतपणे नाही. तो म्हणाला, मग गुन्हा कबूल करून टाक, लवकर उरकेल, मला अडीच वाजता एक करार आहे. घरचा माणूस झाला म्हणून काय गळा पुढे करायचा?

निश्चय: आता शांत डोक्यानं विचार. घाई नाही.

दुपारी ४.
कोर्टाचं समन्स. सात एप्रिलला हजर राहायचं. डोकं शांत नाही.

११ मार्च, बुधवार.
वाईट बातमी. न्हावी साक्षीदार झाला आहे. पोलिसांनी विचारलं, त्यानं सगळं सांगितलं, शिवाय म्हणे उभं राहून दाखवलं. माणसाच्या हाती वस्तरा द्यावा, पण गुपित देऊ नये. ही म्हणाली, गुपित त्याला कुणी दिलं? वाद वाढवण्याची ही वेळ नव्हे.

१२ मार्च, गुरुवार.
हिनं मला न विचारता वकीलबाईंची वेळ घेतली. मोठ्या मनानं गेलो.

जिना अरुंद, खोलीत दोन खुर्च्या, फायलींचे ढीग, खालून झेरॉक्स मशीनची घरघर. बाईंनी आधी मला बाहेर बसवलं आणि हिच्याशी दहा मिनिटं बोलल्या. हिच्याशी! केस माझी आहे. जिन्यात बसून बोटं मोडली.

मग मला बोलावलं. पहिला प्रश्न: त्या क्षणी तुम्ही काय करत होतात? म्हणालो, पांढऱ्या कपड्यांना नीळ देत होतो. दोन्ही हात कोपरापर्यंत निळे. तसाच उठलो, डाव्या हातानं कॉलर धरली, उजव्यानं ठेवून दिली. बाईंनी हे शब्दन् शब्द लिहून घेतलं. असं ऐकणारं माणूस पाहिलं नाही. वकील ठरला.

जाताना बजावलं, आता कुणाशी बोलू नका. हे मात्र सगळेच वकील सांगतात. त्यांना कॉलेजात शिकवत असावेत.

१९ मार्च, गुरुवार.
आठवडाभर गप्प. (दूधवाला सोडून. त्यानं आपणहून विचारलं.)

कोर्टात काय बोलायचं त्याची तयारी कोठीच्या खोलीत. दोन भाषणं: एक निर्दोष असल्याचं, एक स्वाभिमानाचं. दुसरं जास्त चांगलं झालंय.

३० मार्च, सोमवार.
बाईंकडे गेलो. टेबलावर पैलवानाच्या त्या दिवशीच्या, पोलिसांनी जप्त केलेल्या टी-शर्टचे फोटो. पांढरा, सुती. बाईंनी विचारलं, तुमच्या धंद्यातलं एक सांगा, नीळ अशा कापडाला लागली तर पुसून जाते का? म्हणालो, पुसून? बाई, सुती कॉलरला ओल्या निळीचं बोट लागलं की ब्रह्मदेव आला तरी जात नाही. फिकट होईल, जाणार नाही. पंचवीस वर्षांचा अनुभव आहे.

बाईंनी तेही लिहून घेतलं. मग फोटो माझ्याकडे सरकवला. कॉलर पांढरीशुभ्र. मग पाठीच्या बाजूचा फोटो दाखवला: खांद्यापासून खाली वाळलेल्या साबणाचे पट्टे.

मी म्हणालो, कदाचित हात कोरडा असेल.
बाई म्हणाल्या, कोपरापर्यंत निळा, असं तुम्हीच सांगितलंत.

त्या खूश होत्या. केस जिंकलो म्हणाल्या. मी जिन्यात जरा वेळ उभा राहिलो.

३१ मार्च, मंगळवार.
झोप नाही. हाताला लागल्याचं मला स्पष्ट आठवतंय. तळवा झणझणला होता. हौदाच्या काठावर आपटला असेल का? नाही. शक्य नाही.

निश्चय: न्यायालय काय ते ठरवेल.

७ एप्रिल, मंगळवार. सायंकाळी ५.
सगळं मिळून अकरा मिनिटं. भाषणाची वेळच आली नाही.

बाईंनी फोटो दिले. माझंच वाक्य वाचून दाखवलं, ब्रह्मदेव वगळून. न्यायाधीशांनी पैलवानाला विचारलं, थप्पड प्रत्यक्ष आठवते का? तो म्हणाला, नाही साहेब. पाय सरकला, डोकं भिंतीला लागलं. भानावर आलो तेव्हा हे गृहस्थ रस्त्यात उभे राहून सांगत होते की मी याला आडवा केला. इतके लोक ऐकत होते, मलाही खरं वाटलं.

न्यायाधीशांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग फाइल तोंडासमोर धरली. मी सुटलो.

बाहेर पैलवानानं डाव्या हातानं माझा हात हातात घेतला. म्हणाला, माफ करा, तुमच्यावर उगाच आळ घेतला, तुमच्याकडे बघूनच मला कळायला हवं होतं. मी बाईंना बाजूला घेऊन विचारलं, अपील करता येईल का? त्या म्हणाल्या, निर्दोष सुटलेला माणूस कशाविरुद्ध अपील करणार?

येताना दूधवाला भेटला. त्याच्या कानावर गेलं होतं. सायकलवरून नुसता हसला.

रात्री ८.
हिला विचारलं, तू इस्त्रीच्या टेबलाशी होतीस, काय पाहिलंस? ही म्हणाली, तो आधी पडला, मग तुमचा हात उठला. विचारलं, हे महिनाभर सांगितलं का नाहीस? म्हणाली, वकीलबाईंनी विचारलं, त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. तुम्ही विचारलं नाहीत.

थोड्या वेळानं स्वतःहून म्हणाली, महिनाभर तुम्ही इतके ताठ चालत होतात, मला बरं वाटत होतं.

हॉस्पिटलच्या चादरी आल्या होत्या. एक टोक तिनं धरलं, एक मी. घड्या घातल्या. एकमेकांकडे पाहिलं नाही.

रोजनिशी आजपासून बंद. लिहिण्यासारखं काही घडलंच नव्हतं.