हँडल माझं, पाय गुलाबरावांचा

तेलीबांधा, रायपूर

ती. बाबांच्या चरणी जावई नरहरीचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सर्व क्षेम असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. आपल्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे ऐकून जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी महिनाभर वाचायचं नाही म्हटलंय तर पेपरालाही हात लावू नका. गुडघे कसे आहेत? आईंना नमस्कार सांगा. (माझं अक्षर लागत नाही ही त्यांची लग्नापासूनची तक्रार मला मान्य आहे.) आपल्या व्यसनमुक्ती मंडळाचं काम जोरात असेलच.

इंदू रागावून अमरावतीला आल्याबरोबर तिनं आपल्याला सांगितलं असेल की जावईबापू दारू पिऊन गाडी चालवताना पकडले गेले. या वाक्यात दारू खरी आहे, गाडी खरी आहे, पकडलंही खरंच. वाद फक्त ‘चालवताना’ या शब्दाचा आहे, आणि तो मी कोर्टापर्यंत नेला.

झालं असं की मला सर्दी झाली होती. रविवारी दुपारी मी एक औषध घेतलं (कोणतं ते मागाहून), बरं वाटलं म्हणून पुन्हा घेतलं, आणि इंदूनं सांगितलेलं पातेलं आणायला गोल बाजारात गेलो. सोबत आमच्या ऑफिसातले गुलाबराव, त्यांच्या वेगळ्या स्कूटरवर. हे गृहस्थ सुपारीसुद्धा खात नाहीत. येताना माझं पेट्रोल संपलं. आता आपल्या विदर्भाच्या माणसाची गाडी बंद पडली की दुसरा मागून स्वतःच्या गाडीवर बसूनच तिला पाय लावतो आणि ढकलत नेतो. इथे येऊन राजधानीचे झालो तरी ही माणुसकी आपण सोडलेली नाही. गुलाबरावांनी पाय लावला. पायाशी पोह्यांचं पोतं असल्यामुळे पातेलं मी डोक्यावर पालथं घातलं होतं. अशी आमची वरात तळ्यापाशी आली आणि तिथे पोलिसांची तपासणी चालू होती.

पोलीस हसत होता. “भैया, ये कौन सी कंपनी का हेल्मेट है?” एवढंच म्हणून तो जाऊ देणार होता. पण राजधानी झाल्यापासून मी मंत्रालयात फायली हाताळतो, कायदा माझ्या तोंडात असतो. मी पातेलं काढून त्याला समजावलं की इंजिन बंद असलेली गाडी म्हणजे कायद्यानं गाडी नव्हे, सामान आहे, आणि मी सामानावर बसलेला माणूस आहे. समजावताना मी त्याच्या फार जवळ गेलो. त्यानं नाक मुरडलं. गुलाबराव मागून कळवळून म्हणाले, “नरहरीभाऊ, गप ऱ्हा ना, काहून बोलून राहिले?” पण मी स्वतःहून त्याचं यंत्र मागून घेतलं आणि फुंकलं. ते बराच वेळ वाजत होतं.

वकील म्हणाला गुन्हा कबूल करा आणि सुटा. मी ऐकलं नाही. मॅजिस्ट्रेटबाईंनी माझं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, हँडल किसके हाथ में था? मी म्हणालो, हँडल माझ्या हातात होतं, पाय गुलाबरावांचा होता आणि पेट्रोल कोणाचंच नव्हतं. कोर्टातले सगळे हसले, बाई हसल्या नाहीत. दंड झाला, लायसन सहा महिन्यांसाठी गेलं, पुन्हा सापडलात तर तुरुंग अशी समज मिळाली. (गुलाबरावांना चहासुद्धा विचारला कोर्टातल्या लोकांनी.)

तेव्हापासून स्कूटर इंदू चालवायची. तिचं लायसन कॉलेजच्या काळातलं, पण चालवते उत्तम. मला ऑफिसच्या बसपर्यंत सोडायची. सगळा पारा (इथे मोहल्ल्याला पारा म्हणतात) तिला “दीदी, नमस्ते” म्हणायचा आणि मी मागे डबा धरून. मी मागून फक्त थोडं मार्गदर्शन करत असे. ब्रेक कधी, गिअर कधी, समोर गाय आहे, वगैरे. परवा तिनं वळण चुकवलं, म्हणून मी सांगितलं की वळण चुकलं. ते चुकलं नव्हतं. ती सरळ स्टेशनवर गेली, स्कूटर स्टँडला लावली, चावी पर्समध्ये टाकली आणि तिकीट काढलं. जाताना म्हणाली, “तुम्ही पिले त्याचं मी सहन केलं. मागून बोलून राहिले ते नाही होत.” स्कूटर अजून तिथंच उभी आहे, कारण मला ती आणता येत नाही. घरात खिचडीशिवाय काही शिजत नाही, तीही त्या पातेल्यात. बाबा, मला करमत नाही. तिला समजावून पाठवा.

आपला आज्ञाधारक,
नरहरी

ता. क. जाताना गोल बाजारापर्यंत मी गाडी चालवलीच होती. ते मला कोणी विचारलं नाही. त्याची मात्र मनापासून लाज वाटते.

ता. क. २. औषधाबद्दल लिहायचं राहिलं. दिवाळीला आपण आलात तेव्हा कपाटात मागे एक बाटली विसरलात, तिच्यावर आपल्या हस्ताक्षरात ‘गुडघ्याचं तेल’ अशी चिठ्ठी आहे. गुडघ्याला लावून पाहिलं, उपयोग झाला नाही. कुठून आणली, हे इंदू रोज विचारायची. बाटलीबद्दल मी कोर्टात बोललो नाही, तिच्याशी बोललो नाही. आपण तिला बुधवारच्या गाडीत बसवून द्यालच, म्हणजे पुढेही बोलणार नाही.

ता. क. ३. आत्ता लक्षात आलं. आपल्याला वाचायची मनाई, आईंना माझं अक्षर लागत नाही, म्हणजे हे पत्र वाचून दाखवणारी एकच. फाडून नवं लिहिलं असतं, पण दुसरं आंतर्देशीय आणायला पोस्टात जायचं तर स्कूटर पाहिजे.

तेव्हा इंदू, वाचतेच आहेस तर बाबांवर रागावू नको, त्यांचे गुडघे खरंच दुखतात. बुधवारी ये. मी स्टेशनवर चालत येतो आणि मागे गप्प बसतो. गाय आली तर फक्त खांद्यावर हात ठेवीन.