सोमनाथचा शर्ट

भोर, ता. ४ जुलै २०२५

ती. सौ. रत्नामामींस,
शि. सा. न. वि. वि.

घरात मोबाईल असताना ही पोरगी पत्र कुठं लिहीत बसली, असं म्हणाल. पण तुमच्याकडचा मोबाईल मामांच्या खिशात असतो, आणि वाजला की ते तो स्पीकरवर टाकतात. मग ओट्यावरच्या सगळ्या मंडळींना माझं बोलणं ऐकू जातं. म्हणून ज्ञानूच्या दुधाच्या टेम्पोबरोबर हे पाठवते.

आमच्या शिवणवर्गानं एक काम अंगावर घेतलंय. ऑगस्टमध्ये भोरला अवयवदानाच्या जागृतीचा कार्यक्रम आहे. माणूस गेल्यावर त्याचे डोळे, मूत्रपिंडं दुसऱ्याला बसवता येतात, हे लोकांना कळावं म्हणून. त्यासाठी आम्ही बारा फुटांचा कापडी फलक शिवतोय, गोधडीसारखे तुकडे जोडून. फ्लेक्स नको, असं सगळ्याजणींचं मत पडलं. जुनं कापड घराघरांतून गोळा करतोय.

आपल्या सोमनाथला जाऊन दोन वर्षं झाली. त्याचा एखादा शर्ट तुम्ही ठेवला असेल तर द्याल का? मामांना सांगू नका, त्यांना उगाच वाईट वाटेल. गुडघ्याला तेल लावत जा. लोभ आहेच, तो वाढत राहो.

तुमची भाची,
स्नेहल


मार्गासनी, ता. ९ जुलै

चि. स्नेहल हिस,
अनेक आशीर्वाद.

लावणीची घाई आहे. दिवसभर वाकून कंबरेचा काटा ढिला झालाय, तरी तुझं पत्र तीनदा वाचलं. मला ते सरळ वाटलं नाही.

फलकाला कापड हवं तर भोरची दुकानं बंद पडली का? जुनंच हवं असेल तर माझ्या साड्या आहेत, मामांचे सदरे आहेत. नेमका माझ्या गेलेल्या पोराचाच शर्ट कशाला? आणि मामांना सांगायचं नाही, हे काय नवीन? लहानपणी माझ्या डब्यातले लाडू संपवलेस तेव्हाही तू आधी माझ्या गुडघ्याची चौकशी केली होतीस.

माझ्या मनात वर्षभर पाल चुकचुकते आहे. गेल्या ऑगस्टात तुझे मामा इस्त्रीचे कपडे घालून खत आणायला भोरला गेले. इस्त्री करून खताला कोण जातं? परत आले ते खताशिवाय, आणि पंधरा दिवसांनी ट्रंकेच्या तळाशी मला नवी शाल सापडली. विचारलं तर म्हणाले, दोस्ताच्या पोराचं लगीन व्हतं. श्रावणात कुणाचं लग्न? मी समजले, पंचायतीच्या निवडणुकीचं खूळ डोक्यात शिरलंय. आता वाटतं की प्रकरण वेगळंच आहे आणि त्यात तूही आहेस.

त्याचा एकच शर्ट मी ठेवलाय, निळ्या चौकड्यांचा. बाकीचे तेराव्याला वाटून टाकले. कारण कळल्याशिवाय त्याला कात्री लागणार नाही. पोटभर जेवत जा. आईला नमस्कार सांग.

तुझी,
रत्नामामी


भोर, ता. १३ जुलै

ती. सौ. मामींस,
शि. सा. न. वि. वि.

मामी, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं. साध्या कापडाच्या तुकड्यावरून माझी उलटतपासणी घेतलीत. अहो, आठवण म्हणून मागितला, दुसरं काही नाही. शालीचं मला काही ठाऊक नाही. मामांचे मित्र पुष्कळ, त्यांच्यात श्रावणात लग्न करणाराही कुणी निघायचा.

सोबत कागदाचा साचा पाठवते. शर्टाची पाठ सपाट असते, तिथून या मापाचा तुकडा निघेल. कडेला शिवणीसाठी बोटभर जास्त ठेवा. खिसा आणि कॉलर तुमच्याकडेच राहू द्या. घाईत लिहिते आहे, वर्गाला बायका आल्यात. माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
स्नेहल


मार्गासनी, ता. १७ जुलै

चि. स्नेहल हिस,
आशीर्वाद.

साचा मिळाला. तुमच्या वर्गाची रीत मला माहीत आहे. प्रत्येक साच्याला टाचणीनं चिठ्ठी लावायची, वर गिऱ्हाइकाचं नाव आणि खाली माप. हाताला सवय पडली म्हणून तू याही साच्याला ती लावलीस आणि पाठवताना काढायची विसरलीस. वर सोमनाथचं नाव आहे. खाली मापाच्या जागी लिहिलंय, यकृत, दोन मूत्रपिंडं, दोन डोळे.

मी बांधावर उभी राहून वाचलं. रोपांची मूठ चिखलात पडली. शेजारी लावणी करणाऱ्या अंबूबाईनं विचारलं काय झालं, तर ऊन लागलं म्हणाले. आभाळ तर सकाळपासून भरलेलं होतं.

आता एकेक आठवतंय. सारोळ्याच्या पुलाजवळ त्याची मोटारसायकल घसरली तेव्हा मी पानशेतला माहेरी होते, आई आजारी म्हणून. मला दवाखान्यात कुणी नेलंच नाही. पोराला थेट दारात आणलं, हनुवटीपर्यंत गुंडाळून. अंघोळ घालू दिली नाही. तुझे मामा म्हणाले, तिथंच घातलीया, तू उघडू नगंस. अपघातात चिरफाड करतात, त्यामुळं असेल, अशी मी मनाची समजूत घातली. माझ्या हातचं शेवटचं पाणीसुद्धा त्याच्या अंगावर पडलं नाही.

सही कुणी केली? मला सोडून कुणाकुणाला ठाऊक आहे? तुझ्या मामांना मी अजून काही विचारलेलं नाही, आधी तू सांग. आणि या वेळी खरं नसेल लिहायचं, तर माझ्या दारात पुन्हा येऊ नकोस.

रत्नामामी


भोर, ता. २० जुलै

ती. सौ. मामींस,
शि. सा. न. वि. वि.

मी खोटं बोलले. पाया पडून क्षमा मागते.

सही मामांनी केली. माझी आई तेव्हा त्यांच्यासोबत होती. डॉक्टरांनी सांगितलं की मेंदू गेलाय, श्वास फक्त यंत्रावर आहे, परत येण्याची आशा नाही. मग दानाचं विचारलं. मामांनी तुम्हाला फोन लावायला मोबाईल हातात घेतला आणि खिशात ठेवून दिला. आईला म्हणाले, ती न्हाई म्हनली तर माजी छाती व्हायची न्हाई. मग आत गेले.

मला गेल्या वर्षी कळलं. भोरला दात्यांच्या घरच्यांचा सत्कार होता, शाल तिथली. मामा शेवटच्या रांगेत बसलेले मला दिसले, त्यांनी फोटोही काढू दिला नाही. निघताना माझ्याकडून शपथ घेतली की मामीला कळता कामा नये.

फलकावर अकरा दात्यांच्या घरचे तुकडे लागले. बारावी जागा सोमनाथची आहे. तुम्ही नाही म्हणालात तर तिथं कोरं कापड लावीन, नाव येणार नाही. यात मामांचं किंवा माझं काही चालणार नाही, तुम्ही म्हणाल तेच. दोन ओळींचं का होईना, उत्तर पाठवा.

तुमची अपराधी,
स्नेहल


मार्गासनी, ता. २९ जुलै

चि. स्नेहल हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर पाच दिवस मी तुझ्या मामांशी बोलले नाही. ताट वाढत होते आणि उठून जात होते. सहाव्या दिवशी ती चिठ्ठी त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. वाचून त्यांनी घास खाली ठेवला. मग मी समोर बसवून सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं, डॉक्टर बाहेर आले तिथपासून. मधे दोनदा ते उठायला लागले, पण मी उठू दिलं नाही. डोळे एकालाच दिले की दोघांना, ते मी विचारलं. दोघांना, असं म्हणाले.

त्यांना वाटत होतं, दान केल्याचा मी राग धरीन. मला विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, देव जाणे. नाहीच म्हटलं असतं बहुतेक. पण माझ्या पोराविषयी सगळ्यांना ठाऊक आणि त्याच्या आईलाच नाही, हे मला फार लागलं आहे. हे मी विसरणार नाही. त्यांना तोंडावर सांगितलं, तुलाही सांगते.

काल सकाळी त्यांनी तो शर्ट ट्रंकेतून काढून माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं की, देऊ का. मी तडक शेतात गेले. दिवसभर चिखलात उभी होते, पण हाताला काम सुचत नव्हतं. त्यांना थोडी वाट बघू दे, असंही वाटत होतं. दिवेलागणीला परत आले तर शर्ट तिथंच होता आणि तेही तिथंच बसलेले होते, दुपारचं जेवलेसुद्धा नव्हते. पुन्हा विचारलं, देऊ का. मग मी हो म्हटलं.

शर्ट अख्खाच पाठवते आहे, मला कापवेना. अजून रागावलेलीच आहे, तरी लोभ असू दे.

तुझी,
रत्नामामी